सिंक अडलं म्हणून नोंदी पुसल्या जात नाहीत

मेळघाटासारख्या भागात दिवसभर विहिरी आणि पाणवठे टिपायचे, रेंजमध्ये आल्यावर सिंक दाबायचं आणि समोर एरर यायचा, हे मॅपिंग करणाऱ्यांना नवं नाही. मग कुणीतरी हमखास सुचवतं, "अॅप काढून परत टाक." एवढा महागात पडणारा सल्ला दुसरा नसेल.

क्यूफील्डचंच बघा. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या फोनवर बहुधा हेच अॅप असतं. ऑफलाइन जतन केलेला प्रत्येक बिंदू तेव्हाच फोनमधल्या जिओपॅकेज फाइलमध्ये लिहिला जातो. सिंक ही त्या नोंदींची सर्व्हरकडे फक्त रवानगी. ऑफिसात कुणी लेयरची रचना बदलली तरी ती अडू शकते. पण नोंदी जागच्या जागी असतात. जात असेल तर जतनाची खूण न दाबता सोडलेला शेवटचा फॉर्म. मात्र अॅप अनइन्स्टॉल केलं की अँड्रॉइड त्याचा फोल्डरही साफ करतं. 'क्लिअर डेटा'ही तेच करतं. 'क्लिअर कॅश' त्या मानाने निरुपद्रवी, पण घाईत बोट चुकीच्या बटणावर पडायला वेळ लागत नाही.

"फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर रिकामा दिसतो, म्हणजे गेलंच." नाही. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून एका अॅपचा फोल्डर दुसऱ्या अॅपला उघडता येत नाही, म्हणून तो तसा दिसतो. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून 'फाइल ट्रान्सफर' निवडलं की अनेक फोनमध्ये तोच फोल्डर भरलेला सापडतो. त्याहून सोपं म्हणजे क्यूफील्डमधूनच अख्खा प्रोजेक्ट झिप करून पाठवणं.

अख्खा, हे महत्त्वाचं. खरी गफलत इथेच होते. जिओपॅकेज आतून एसक्यूलाइट डेटाबेस असतो. ताजे बदल आधी शेजारच्या, नावाअखेर 'वॅल' असलेल्या फाइलमध्ये साठतात आणि मागाहून मुख्य फाइलमध्ये मिसळतात. अॅप मध्येच बंद पडलं तर ते मिसळणं राहून जातं. अशा वेळी कुणी एकटी मुख्य फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली, की कालपर्यंतच्या विहिरी दिसतात आणि आजच्या गायब! फोटोही जिओपॅकेजमध्ये नसतात. तिथे असतो फक्त त्यांचा पत्ता. फोटो प्रोजेक्टच्या डीसीआयएम फोल्डरमध्ये.

गूगल बॅकअपच्या भरवशावर तर राहूच नये. अँड्रॉइडच्या आपोआप बॅकअपला प्रत्येक अॅपमागे २५ एमबीची मर्यादा आहे. फोटोंसह प्रोजेक्ट ती सहज ओलांडतो. राहिली 'डिलीट झालेलं परत आणणारी' सॉफ्टवेअरं. आजच्या फोनमधलं स्टोरेज एन्क्रिप्टेड असतं, त्यामुळे एकदा पुसलेल्या फाइलचे त्यांच्या हाती सहसा निरर्थक तुकडे लागतात. त्यांच्यावर पैसे घालवू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

टच गेलाय पण स्क्रीनवर दिसतंय? ओटीजी अडॅप्टरला साधा माउस जोडा, फोन अनलॉक करा, फोल्डर काढून घ्या.

फोल्डर हाती आला की त्याची एक प्रत बाजूला ठेवून दुसरी क्यूजीआयएसमध्ये उघडा. मुख्य लेयरमध्ये नोंदी डकवण्याआधी युनिक आयडी ताडून पाहा. अडलेल्या सिंकमध्ये कधीकधी निम्म्या नोंदी पोचलेल्या असतात, आणि मग एकाच विहिरीच्या दोन होतात.