वळणावर गाडी कलते तेव्हा

घाटातल्या वळणावर एस. टी. वेगाने वळली की आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो आणि सबंध गाडीही त्याच बाजूला कलते, हा अनुभव सर्वांचा आहे. मोटारीचे असे कलणे आटोक्यात ठेवण्यासाठी तिच्या डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एक पोलादी दांडी बसवतात. तिला ‘अँटी-रोल बार’ किंवा ‘स्वे बार’ म्हणतात. कॅनडातील स्टीफन कोलमन यांना अशा दांडीचे पेटंट १९१९ साली मिळाले.

स्पोर्ट्स कार बाळगणारे अनेक हौशी लोक कारखान्यातून आलेली दांडी काढून तिच्या जागी बाजारात मिळणारी जाड, ताठपणा कमीजास्त करता येणारी दांडी बसवतात. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली आणलेली एमएक्स-५ ही छोटी दोन आसनी गाडी याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पण दांडी जितकी जाड तितकी गाडी चांगली वळते, ही समजूत बरोबर नाही. चुकीच्या ठिकाणी बसवलेली जाड दांडी गाडी गरकन फिरवू शकते. असे का होते, हे शालेय पदार्थविज्ञानाच्या आधारे पाहू.

दांडीचे काम

वळणावर लागणारे केंद्रगामी बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून, म्हणजे जमिनीलगत मिळते. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र जमिनीपासून बराच वर असतो. त्यामुळे गाडीला बाहेरच्या बाजूला झुकवणारे आघूर्ण निर्माण होते. बाहेरच्या चाकांवरील स्प्रिंगा दबतात, आतल्या सैल होतात आणि गाडी कलते.

स्वे बार इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा असतो. त्याचा मधला भाग रबरी बुशांमध्ये धरून गाडीच्या सांगाड्याला बसवतात. दोन्ही बाहूंची टोके दुव्यांच्या साहाय्याने दोन चाकांच्या सस्पेन्शनला जोडतात. त्याचे कार्य वर्गात सहज दाखवता येते. सायकलचा जुना आरा ‘यू’ आकारात वाकवा. त्याचा मधला भाग बॉलपेनच्या दोन रिकाम्या नळ्यांच्या तुकड्यांत ओवून नळ्या फळीवर पक्क्या बांधा. दोन्ही बाहू एकाच वेळी खाली दाबले, तर आरा नळ्यांत नुसता फिरतो. आता एक बाहू धरून ठेवा आणि दुसरा दाबा. मधल्या भागाला पीळ पडतो आणि बोटाला विरोध जाणवतो. गाडीतही असेच घडते. दोन्ही चाके एकदम उसळली, तर दांडी काहीच करत नाही. एक वर आणि एक खाली गेले, की ती विरोध करते.

किती जाड?

पिळाला होणारा विरोध दांडीच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. १९ मिलिमीटरच्या जागी २२ मिलिमीटरची दांडी घेतली, तर व्यास जेमतेम १६ टक्क्यांनी वाढतो. ताठपणा मात्र (२२/१९)⁴, म्हणजे सुमारे १.८ पट होतो.

या विरोधात दांडीच्या गाभ्याचा वाटा फार थोडा असतो. म्हणून पोकळ दांड्याही वापरतात. २५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या नळीची भिंत ४ मिलिमीटर जाडीची असेल, तर तितक्याच व्यासाच्या भरीव दांडीपेक्षा तिचे वजन ४६ टक्क्यांनी कमी भरते, पण ताठपणा फक्त २१ टक्क्यांनी घटतो.

दांडीच्या बाहूंवर दोन-तीन भोके ठेवून जुळवणीची सोय केलेली असते. बाहूची लांबी कमी केली, की चाकापाशी जाणवणारा ताठपणा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. दुवा २०० मिलिमीटरवरील भोकातून काढून १८० मिलिमीटरवरील भोकात बसवला, तर ताठपणा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो.

भार जातो कुठे?

आता मुख्य मुद्दा. १००० किलोग्रॅमची एक गाडी घेऊ. तिचा गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंचीवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १.५ मीटर आहे. वळणावरील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट आहे. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार १००० × ०.६ × ०.५ ÷ १.५, म्हणजे २०० किलोग्रॅम-भार येतो.

या गणितात दांडी कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. गाडी कलल्यामुळे गुरुत्वमध्य थोडासा सरकतो, तो परिणाम सोडला, तर दांडी कितीही जाड असली तरी हा आकडा बदलत नाही. दांडी ठरवते ती एकच गोष्ट : या २०० पैकी किती भार पुढच्या जोडीत सरकावा आणि किती मागच्या.

ही वाटणी महत्त्वाची ठरते ती टायरच्या एका गुणधर्मामुळे. पाठ्यपुस्तकात घर्षणगुणांक स्थिर मानलेला असतो. रबरी टायरच्या बाबतीत मात्र भार वाढला, की तो थोडा घटतो. उदाहरणापुरते असे मानू, की १५० किलोग्रॅम-भाराला तो १.०५, २५० ला १.०० आणि ३५० ला ०.९३ आहे. दोन्ही चाकांवर २५०-२५० भार असेल, तर जोडीची पकड ५०० होते. तोच भार १५० आणि ३५० असा विभागला, तर ती १५७ + ३२६, म्हणजे ४८३ होते. एकूण भार तेवढाच, पण वाटणी जितकी विषम, तितकी पकड कमी.

पुढची दांडी जाड केली, की पुढच्या जोडीत जास्त भार सरकतो आणि तिची पकड घटते. गाडी स्टिअरिंगला पुरेसा प्रतिसाद न देता वळणाबाहेर जाऊ पाहते. मागची दांडी जाड केली, तर मागची चाके आधी घसरतात आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. हा दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. घाबरून चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, तर भार आणखी पुढे जातो, मागची पकड अधिकच कमी होते आणि गाडी गिरकी घेते. ओल्या रस्त्यावर हे कमी वेगातही घडू शकते.

या नियमाला एक पुरवणी आहे. गाडी फार कलली, तर काही सस्पेन्शनमध्ये बाहेरचे चाकही तिरके होते आणि टायर कडेवर टेकतो. अशा गाडीत पुढची दांडी जाड केल्यावर टायर सपाट टेकतो आणि पुढची पकड उलट वाढू शकते. त्यामुळे अंतिम निर्णय चाचणीनेच द्यावा लागतो.

निवड आणि जुळवणी

दांडीला हात लावण्यापूर्वी टायरची झीज, त्यांतील हवेचा दाब आणि चाकांचे कोन तपासावेत. गाडी वळणाबाहेर जात असेल, तर आधी पुढची दांडी सैल करावी किंवा मागची थोडी ताठ करावी. मागचे टोक घसरत असेल, तर याच्या उलट. एका वेळी एकच बदल, तोही एकाच भोकाचा करावा. चाचणी सार्वजनिक रस्त्यावर न करता बंदिस्त मार्गावर करावी आणि प्रत्येक वेळी नोंद ठेवावी.

दुव्यांची लांबी जुळवताना गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी असावी आणि चालकाच्या जागी तेवढे वजन ठेवलेले असावे. त्या स्थितीत दांडीला अजिबात पीळ नसावा. तो राहिला, तर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरे वागते.

अतिजाड दांडीचे आणखीही तोटे आहेत. एक चाक खड्ड्यात गेले, की त्याचा धक्का दांडीतून दुसऱ्या चाकाला पोहोचतो. वळणावर आतले चाक जमिनीवरून उचललेही जाऊ शकते. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या साध्या डिफरन्शियलच्या गाडीत ते उचललेले चाक नुसतेच गरगरते आणि गाडीचा जोर वाया जातो. म्हणूनच खडबडीत रस्त्यांसाठी मवाळ दांडी बरी.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न द्यावा. वरच्या उदाहरणातील २०० पैकी १४० भार पुढे आणि ६० मागे सरकला, तर चारही चाकांवर किती भार येईल? वर दिलेल्या तीन घर्षणगुणांकांचा आलेख काढून त्यावरून दोन्ही जोड्यांची पकड काढता येईल, आणि कोणती जोडी आधी घसरेल हे विद्यार्थी स्वतःच सांगू शकतील.