हेमिंग्वेच्या कथा: सुट्या नकोत, संग्रहच वाचा

मराठी वाचकाची हेमिंग्वेशी ओळख बहुतेक वेळा पुलंनी करून दिलेली असते. 'एका कोळियाने' या अनुवादामुळे म्हातारा, मासा आणि समुद्र एवढंच त्याचं चित्र मनात पक्कं बसतं. कथाकार हेमिंग्वे भेटतो तो निवडक कथांच्या जाडजूड पुस्तकांतून, इथे एक, तिथे एक. माझ्या मते तो आधी कथाकार आहे, कादंबरीकार नंतर. आणि त्याच्या कथा त्याने स्वतः लावलेल्या क्रमानेच वाचायला हव्यात.

सुरुवात झाली ती चोरीने. डिसेंबर १९२२मध्ये त्याची बायको हॅडली पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून लोझानला निघाली होती. त्याची जवळपास सगळी हस्तलिखितं भरलेली बॅग तिथेच चोरीला गेली. 'अप इन मिशिगन' आणि संपादकाकडे गेलेली 'माय ओल्ड मॅन' तेवढ्या वाचल्या. या दोन, एक नवी कथा आणि दहा कविता मिळून १९२३मध्ये पॅरिसला पुस्तिका निघाली, प्रती ३००. पुढच्या वर्षीच्या 'इन अवर टाइम'मध्ये अठरा छोटे गद्य तुकडे होते: युद्ध, बैलझुंज, फाशी. त्याच्या प्रती अवघ्या १७०.

खरं पुस्तक आलं ते १९२५ साली, न्यूयॉर्कहून, त्याच नावाने. यात हेमिंग्वेने त्या तुकड्यांपैकी बहुतेक दोन कथांच्या मधे पेरले. वरवर पाहता तुकड्याचा शेजारच्या कथेशी संबंध नसतो. शेवटची कथा 'बिग टू-हार्टेड रिव्हर' घ्या. हेमिंग्वेच्या अनेक कथांत येणारा निक अ‍ॅडम्स जळून गेलेल्या गावाजवळ उतरतो, तंबू ठोकतो, कॉफी करतो, नाकतोडे पकडून ट्राउट मासे धरतो. बस, एवढंच. सुटी वाचली तर मासेमारीवरचं सुंदर वर्णन वाटेल. कथेत युद्धाचा उल्लेखच नाही. पण याच पुस्तकात आधी एका तुकड्यात हाच निक पाठीच्या कण्याला गोळी लागून चर्चच्या भिंतीला टेकून बसलेला असतो. ते वाचलेल्याला कळतं की हा तरुण प्रत्येक काम इतकं जपून, पायरीपायरीने का करतोय. हिमनगाचा सात-अष्टमांश भाग पाण्याखाली असतो, तसा कथेचाही बराचसा भाग न सांगितलेला असावा, हा सिद्धांत त्याने १९३२मध्ये मांडला. त्याचा उत्तम नमुना मात्र सात वर्षं आधीच छापून झाला होता.

'मेन विदाउट विमेन' (१९२७) या संग्रहात चौदा कथा. 'द किलर्स' आणि 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' यातल्याच. दुसरीत एब्रोच्या खोऱ्यातल्या स्टेशनवर एक जोडपं गर्भपाताबद्दल बोलतं, पण तो शब्द कुणीच उच्चारत नाही. एकेकटी कथा पाहिली तर हा संग्रह पहिल्यापेक्षा सरस, पुस्तक म्हणून मात्र सैल. 'विनर टेक नथिंग' (१९३३) मला असमान वाटतं. 'अ क्लीन, वेल-लाइटेड प्लेस'सारखी चार-पाच पानांची अव्वल कथा आणि मुलाला शेजारी बसवून बापाची आठवण काढणारी 'फादर्स अँड सन्स' सोडली, तर बऱ्याच ठिकाणी लेखक आपल्याच शैलीची नक्कल करतो.

१९३८मध्ये एका नाटकासोबत एकोणपन्नास कथा एकत्र आल्या. सुरुवातीला नव्या चार, त्यांत 'स्नोज ऑफ किलिमांजारो'. त्यानंतर १९६१मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने नवा कथासंग्रह काढला नाही. तेवीस वर्षं हा थोडा काळ नव्हे.

पुढे १९७२मध्ये अभ्यासक फिलिप यंग यांनी निकच्या कथा त्याच्या वयाच्या क्रमाने लावल्या, अप्रकाशित मजकूरही घातला. 'बिग टू-हार्टेड रिव्हर'चा हेमिंग्वेने स्वतः कापलेला शेवटही त्यात आहे. अभ्यासकांची सोय झाली खरी. पण लेखकाने मुद्दाम ठेवलेल्या मोकळ्या जागा भरल्या गेल्या, आणि निकचं आयुष्य सरळसोट चरित्र होऊन बसलं. ही उठाठेव मला पटलेली नाही.

कथाकार हेमिंग्वे नव्याने वाचायचा असेल तर १९२५च्या 'इन अवर टाइम'पासून सुरुवात करा. मधले तुकडे गाळू नका.