आयुष्यभर रिकामी राहणारी तार

कळवा स्टेशनच्या फलाटावरून वर पाहिलं की २५ हजार व्होल्टची तार दिसते. लोकलचा पँटोग्राफ तिच्यातून वीज उचलतो. ती पुढे जाते कुठे? गाडीतलं काम आटोपलं की ती चाकांवाटे रुळांत उतरते आणि जिथून आली त्या सबस्टेशनकडे परत निघते. ऊर्जा खर्च होते, प्रवाह मात्र जेवढा आला तेवढाच परत जातो. त्यातला काही भाग तर वाटेत रूळ सोडून सरळ मातीतून चालत जातो!

माती टेलिग्राफच्या परतीच्या तारेचं काम करू शकते हे ध्यानात आलं तेही रुळांमुळेच. म्युनिकचे कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल १८३८ च्या सुमारास न्युरेंबर्ग-फ्युर्थ रेल्वेचे रूळ टेलिग्राफच्या तारा म्हणून वापरून पाहत होते. प्रवाह जमिनीत झिरपत होता. प्रयोग फसला, पण त्यांच्या लक्षात आलं की परतीची तार मुळात लागतच नाही, ते काम जमीनच करते. टेलिग्राफचा खर्च एका तारेवर आला.

टेलिग्राफचा प्रवाह अगदी नाजूक असतो. घरातल्या विजेचं तसं नाही आणि इथेच आपला एक मोठा गैरसमज दडलेला आहे. आपण समजतो की अर्थिंग म्हणजे खड्ड्यात पाइप पुरायचा, कोळसा-मीठ घालायचं, मग बिघाड झाला की जमीन वीज पिऊन टाकते. हिशेब करून पाहू. फ्रिजच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली. खड्ड्याच्या अर्थिंगचा रोध १० ओहम धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह फार तर २३ अँपिअर. एवढ्या प्रवाहाला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारं बटण, लगेच पडत नाही. त्याला कितीतरी मिनिटं लागू शकतात. तोवर फ्रिजच्या बॉडीवर जीवघेणा विद्युतदाब तसाच असतो.

म्हणून खरा वाचवणारा रस्ता मातीचा नव्हे, धातूचा. अर्थिंगची हिरवी तार जर सलग धातूच्या वाटेने थेट ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत पोचत असेल आणि त्या सगळ्या वाटेचा रोध अर्धा ओहम असेल, तर तोच बिघाड ४६० अँपिअर ओढतो. एमसीबी तत्क्षणी पडतो. वीज घरी परतायला धडपडतेच. अर्थिंग तिला आपल्या अंगाऐवजी दुसरी, कितीतरी मोकळी वाट देतं आणि त्या वाटेवरची गर्दीच बटण पाडते.

जिथे मातीवाचून दुसरी वाट नाही तिथे आरसीसीबी हवा. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा तेहेतिसावा भाग एवढी तफावत आली तरी तो क्षणात वीज तोडतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो आणि २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर जातात. म्हणजे अंगातून वीज जाऊ लागली, तर आरसीसीबी पडायला ती तफावत पुरून उरते.

आता बाथरूम. एक हात गीझरला, दुसरा नळाला. शॉक बसतो तो दोहोंच्या विद्युतदाबातल्या फरकामुळे. भरतीला कळव्याच्या खाडीतल्या दोन होड्या एकदम वर उचलल्या जातात; एकीतून दुसरीत पाऊल टाकणाऱ्याला चढ लागत नाही. गीझर, धातूचे पाइप, नळ हे सगळे जाड तारेने एकमेकांना जोडले की बिघाडाच्या क्षणी तेही बरोबरीने वर-खाली होतात. याला बॉण्डिंग म्हणतात.

हाच फरक जमिनीवरही उभा राहतो. पावसाळ्यात तुटलेल्या तारेजवळ म्हशी दगावतात, कारण पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये अंतर मोठं, म्हणून दाबातला फरकही मोठा. कळव्याच्या ४०० केव्ही उपकेंद्रासारख्या ठिकाणी म्हणूनच जमिनीखाली लोखंडी सळ्यांची जाळी पुरतात आणि वर खडी पसरतात. ती खडी शोभेची नव्हे. कोरड्या-ओल्या दोन्ही ऋतूंत ती मातीपेक्षा कितीतरी कमी वीज वाहू देते आणि कामगाराचे पाय जमिनीपासून अलग ठेवते.

कळव्याची जमीन तर या विषयाचा उघडा धडाच आहे. खाडीकाठचा खारा चिखल वीज सहज वाहून नेतो, पण लोखंडी पाइप लवकर खाऊन टाकतो. मागे पारसिक डोंगराचा काळा पाषाण लोखंडाला तितका छळत नाही, पण वीज सहजी घेत नाही. दोन्ही ठिकाणचा अर्थिंगचा खड्डा सारखा असूच शकत नाही. तो मोजावा लागतो, आणि दर काही वर्षांनी पुन्हा मोजावा लागतो.

जुन्या चाळींत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधायची रीत होती. नळ प्लास्टिकचे झाले, तार तशीच राहिली. ती आता कुठेच पोचत नाही, हे बाहेरून कुणालाही दिसत नाही. काही ठिकाणी तर सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून टाकतात. तिथे न्यूट्रल तुटला की फ्रिजचा पत्राच जिवंत होतो.

थ्री-पिनची ती जाड, लांब पिन एकदा हातात धरून पाहा. ती लांब आहे म्हणून प्लग लावताना आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. वीज येण्याआधी रक्षण हजर, वीज गेल्यावरही क्षणभर थांबलेलं. तिच्या मागची हिरवी तार वर्षानुवर्षं जवळजवळ रिकामी असते. कधीतरी एकदाच तिला सेकंदाच्या एखाद्या अंशापुरतं काम पडतं. त्या अंशाला ती सलग असायला हवी. म्हणून आज आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबून तो पडतो का ते पाहा आणि वायरमन येईल तेव्हा हिरवी तार कुठवर जाते ते त्याला मोजून दाखवायला सांगा.