शाखा नव्हे, विषय बघा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न: सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? पण पुढच्या अभ्यासक्रमांच्या प्रवेशात शाखेच्या नावापेक्षा जास्त मोजले जातात ते बारावीचे विषय आणि त्यांतले गुण. विषय एकदा सुटला की तो परत मिळवायला एखादं वर्ष जातं. म्हणून अकरावीचा अर्ज भरण्याआधी हे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : सायन्स घेतलं की सगळे रस्ते खुले.
वस्तुस्थिती : सायन्समध्येही विषयांचे गट आहेत. गणित सोडून जीवशास्त्र घेतलं, तर इंजिनिअरिंग मिळत नाही आणि एनडीएतून हवाई दल किंवा नौदलातही जाता येत नाही. बीफार्मला मात्र भौतिक आणि रसायनशास्त्राच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र, काहीही चालतं. राज्य मंडळात कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स असे द्विलक्षी विषय 200 गुणांचे असतात. ते दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतात. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणितासोबत कॉम्प्युटर सायन्स घेतलं, की सहा विषय तिथेच भरतात आणि जीवशास्त्राला जागा उरत नाही. नीटचा विचार मनात असेल तर हे आधीच ध्यानात घ्या.

गैरसमज : आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना पुढे वाव नाही.
वस्तुस्थिती : सीए फाउंडेशन, पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम आणि एनडीएतली लष्कराची शाखा कोणत्याही शाखेच्या बारावीला खुली आहे. यूपीएससी आणि एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला तर कोणत्याही विषयातली पदवी चालते. ज्या मुलीला इतिहास-राज्यशास्त्राची खरी ओढ आहे, तिला टक्के चांगले पडले म्हणून सायन्सला बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

गैरसमज : कॉमर्सला गणित कशाला? एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घ्या, गुण सोपे.
वस्तुस्थिती : बीकॉमला जायचं असेल तर सहसा अडत नाही. पण दिल्ली विद्यापीठात बीए ऑनर्स इकॉनॉमिक्ससाठी गणित लागतं. अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राकडे कल असेल तर गणित सोडण्याआधी दोनदा विचार करा.

गैरसमज : अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष.
वस्तुस्थिती : एमएचटी-सीईटीत साधारण 20 टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो आणि 80 टक्के बारावीच्या. नीट आणि जेईईला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. शिवाय 75 टक्के हजेरीचा नियम आहेच.

गैरसमज : सीईटी महत्त्वाची, बारावीत नुसतं पास झालं तरी पुरे.
वस्तुस्थिती : मंडळाच्या लेखी 35 टक्क्यांना विद्यार्थी उत्तीर्ण होतो, पण प्रवेशाची अट वेगळी असते. इंजिनिअरिंगला पात्रतेच्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला किमान 45 टक्के लागतात, राखीव गटांना 40. समजा खुल्या गटातल्या एका मुलाला फिजिक्समध्ये 40, केमिस्ट्रीत 42 आणि गणितात 48 मिळाले. बेरीज 300 पैकी 130, हवे होते 135. इंग्रजी, मराठी आणि भूगोलात मिळून त्याचे 262 गुण आहेत, म्हणजे 600 पैकी 392, पासष्ट टक्क्यांच्या वर. गुणपत्रिका प्रथम श्रेणीची, पण प्रवेश पाच गुणांनी हुकला. एनआयटीत जेईईतून जायचं तर बारावीला 75 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 65) किंवा मंडळात पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं, ही वेगळीच अट.

गैरसमज : एकदा चुकलं की संपलं.
वस्तुस्थिती : नापास झालेल्यांसाठी पुरवणी परीक्षा आहे, कमी गुण पडलेल्यांसाठी श्रेणीसुधार योजना. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीटचं दार उघडलं. वाट निघते, पण तिला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. मुलाला आवडू शकतील असे दोन-तीन अभ्यासक्रम निवडा आणि त्यांच्या ताज्या माहितीपुस्तिकेतलं ‘पात्रता’ हे प्रकरण त्याच्यासोबत वाचा. कोणते विषय सक्तीचे, किती टक्के हवेत, कोणती प्रवेश परीक्षा, हे कागदावर लिहा. नियम बदलत असतात, तेव्हा दरवर्षी ते पुन्हा तपासा. मनाची तयारी अजून झाली नसेल आणि झेपत असेल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. शेजारच्या मुलाने काय घेतलं, हे त्या कागदावर कुठेही येऊ देऊ नका.