दगडफूल : नाव आणि निरीक्षण

खानदेशी काळ्या मसाल्यातील दगडफूल सर्वपरिचित आहे. तथापि ते दगडही नव्हे, फूलही नव्हे. संस्कृत वैद्यकात त्यास ‘शैलेय’ व ‘शिलापुष्प’ म्हटले आहे. तमिळ ‘कल्पासी’चा अर्थ दगडावरील शेवाळ असा होतो. ही सर्व नावे शिळेकडेच बोट दाखवितात. वस्तुतः बाजारातील दगडफुलाचा मोठा भाग वृक्षांच्या साली-फांद्यांवरून काढलेला असतो. नावात दगड कायम राहिल्याने फांदीवरील तीच वस्तू मात्र अनामिक राहते, आणि पाहणारा तिला ‘झाडाचा रोग’ समजून मोकळा होतो.

हा समज निराधार होय. बांडगूळ यजमान वृक्षाचा रस शोषते. दगडफुलास फांदी केवळ बैठक म्हणून लागते. ‘शैवाक’ ही शास्त्रीय संज्ञा येथे अधिक उपयुक्त ठरते. ‘शैवल’ व ‘कवक’ हे दोन्ही शब्द तिच्यात एकत्र ऐकू येतात, आणि वस्तूची घटनाही तशीच आहे : कवक आधार व ओलावा देते, शैवल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न निर्माण करते. हा द्वैतसिद्धान्त श्वेंडेनर यांनी १८६७ च्या सुमारास मांडला, तेव्हा त्यास तीव्र विरोध झाला होता.

रंगांचेही कारण याच रचनेत आहे. काही जातींतील पिवळट छटा उस्निक आम्लामुळे, तर नारिंगी रंग अँथ्राक्विनोन वर्गातील द्रव्यांमुळे येतो. करड्या जाती पावसात हिरव्या दिसू लागतात, कारण भिजलेले बाह्यावरण पारदर्शक होऊन आतील शैवल प्रकट होते. म्हणून एकच फांदी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अशी दोनदा पाहावी.

शैवाकांस मुळे नसतात. पाणी व क्षार ती मुख्यतः हवेतून व पावसातून घेतात, आणि त्याबरोबर दूषित द्रव्येही. १८६६ मध्ये निलांडर यांनी पॅरिसच्या उद्यानातील शैवाकांवरून हवेच्या शुद्धतेचा अंदाज बांधला होता. आपल्या परिसरात एकीकडे यावल-पालचे सातपुड्यातील वन आहे, तर दुसरीकडे भुसावळजवळील दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र. दोन्ही ठिकाणी एकाच जातीचे, सारख्या वयाचे वृक्ष निवडून त्यांवरील शैवाकांची नोंद केल्यास तुलना शक्य होईल. अशा नोंदीबरोबरच जळगाव-धुळे भागातील अहिराणी, लेवा व पावरी भाषकांना फांदी दाखवून ‘यास काय म्हणता?’ असे विचारावे. उत्तर नकारार्थी आले तरी तेही लिहून ठेवावे; कोणत्या वस्तूस समाजाने नाव दिले नाही, हीदेखील भाषाभ्यासाची सामग्री होय.