अर्भकाचा पहिला प्रवास

बाळंतविड्यात पूर्वी अंगडे-टोपडे, कुंची, दुपटी, लंगोट आणि आजीच्या जुन्या लुगड्याची मऊ गोधडी असे. सव्वा महिना सरला की लेक बाळाला घेऊन सासरी निघे. त्या दिवशी बाळाचे प्रवासाचे सामान हेच. वारा लागू नये, ऊन लागू नये आणि दृष्ट लागू नये, एवढा विचार त्यामागे असे. प्रवास बैलगाडीचा, फार तर एस.टी.चा होता, तोवर तो पुरेसाही होता. केडगावच्या रस्त्यावर आज तो पुरेसा नाही.

केडगाव हे पुणे रस्त्यावरील अहिल्यानगरचे उपनगर. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती याच पुणे-अहमदनगर मार्गावर. आज त्याच मार्गावर मोटारी, मालमोटारी, रिक्षा आणि दुचाक्या यांची अखंड रीघ असते. शहरातील प्रसूतिगृहातून केडगावला यायचे तर अंतर मोजक्या किलोमीटरांचे. एवढ्याशा अंतरासाठी वेगळी व्यवस्था ती कसली, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. मग कुणा नातलगाची मोटार येते, बाळंतिणीला मानाची म्हणून पुढची जागा दिली जाते आणि बाळ तिच्या मांडीवर विसावते.

नेमकी ही मानाची जागाच सर्वांत धोक्याची असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर साडेतीन किलोचे बाळ सुमारे ५० किलो वजनाच्या ओढीने पुढे फेकले जाते. ही ओढ आईची माया थोपवू शकत नाही. तिच्या हातांत तेवढे बळ नसते. शिवाय नव्या मोटारींत पुढच्या प्रवाशासमोरही हवेची पिशवी असते. प्रौढाला वाचवणारी ती पिशवी मांडीवरच्या अर्भकाच्या जिवावर उठू शकते.

यास्तव मोटार असेल तर एकच साधन खरे : मागच्या आसनावर पट्ट्याने घट्ट बसवलेले, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूस ठेवणारे अर्भक-आसन. अशा साधनांमुळे मोटारीतील अर्भकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी घटतो, असा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा अंदाज आहे. ते निवडताना रंग आणि झालर पाहू नये. नवजात बाळाच्या वजनास ते योग्य आहे काय, प्रमाणित आहे काय आणि आपल्या गाडीच्या पट्ट्याने ते हलेनासे बसते काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडत नाही ना, हे वाटेत पाहत राहावे. लांबच्या प्रवासात अधूनमधून थांबून बाळाला बाहेर काढावे.

कायदाही आता याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षा-पट्टा किंवा बाल-आसन यांवाचून नेल्यास १,००० रुपये दंड आहे. दुचाकीसाठीचे नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित होऊन वर्षभराने लागू झाले. चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढील मुलाला शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा त्यांत आहे. नऊ महिन्यांखालच्या बाळाची मान शिरस्त्राण पेलू शकत नाही, आणि नवजात बाळ तर बसूही शकत नाही. तात्पर्य, दुचाकीवर नवजात बाळाला सुरक्षित करील असे साधन बाजारात शोधणेच व्यर्थ आहे.

ज्या घरी दुचाकीच आहे, त्याने मग काय करावे? येथे निवड वस्तूची नसून वाहनाची आहे. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पाच वर्षांखालील मुलाला तिकीटच नाही. दाराजवळची जागा टाळून गाडीच्या मधल्या भागात बसावे. जवळच्या अंतरास सावकाश चालणारी रिक्षा घ्यावी. छातीशी बांधायची झोळी चालताना किंवा स्थानकावर फार उपयोगी. बाळाचे तोंड आईला दिसत राहील अशी ती बांधावी. मात्र झोळी म्हणजे मोटारीतील आसन नव्हे. या उपायांनी धोका कमी होतो, संपत नाही.

आता प्रश्न पैशांचा. अर्भक-आसनाला काही हजार रुपये पडतात आणि बाळ वर्ष-सव्वा वर्षाचे होताच ते लहान पडते. टिकाऊ वस्तू, अल्पकाळाचा उपयोग आणि मर्यादित मिळकत, अशा स्थितीत लिपिकाच्या घराने खरेदी टाळली तर त्यास बेफिकिरी म्हणता येणार नाही. अशा वस्तू प्रत्येकाने विकत घ्याव्यात हा आग्रहच अर्थशास्त्राला धरून नाही. त्या फिरत्या ठेवायच्या असतात. प्रसूतिगृहांनी अनामत घेऊन आसने वापरावयास द्यावीत. अपघातात सापडलेले आसन तेवढे बाद करावे. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातून बाळ-बाळंतिणीला मोफत घरी पोचवण्याची तरतूद आहे. त्या वाहनातून जाणारे प्रत्येक बाळ अर्भक-आसनातच घरी गेले पाहिजे.

याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीस निघणारी कुटुंबे तान्ह्या मुलांसह ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात. त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्नच नसतो. ज्या कारखान्यांना त्यांच्या श्रमाची गरज आहे, त्यांनी तान्ह्या मुलांच्या मातांसाठी निदान बसची सोय करणे हा उपकार ठरणार नाही; उत्पादनखर्चाचाच तो भाग मानला पाहिजे.

बारशाला पाळणा विकत घेण्याची चाल आपल्याकडे फारशी नव्हती. शेजारच्या घरून तो मागून आणला जाई, धुऊन-पुसून सजवला जाई आणि काम झाले की पुढच्या घरी जाई. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. केडगावच्या एखाद्या आजीने यंदाच्या बाळंतविड्यात कुंचीशेजारी असे मागून आणलेले अर्भक-आसन ठेवले, तर तिच्या नातवंडाचा पहिला प्रवास सुखाचा होईल.