सोमवार, गटारी आणि ग्रहण

तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा : २ ऑगस्ट २०२७, सोमवार. आषाढ अमावास्या, म्हणजे साक्षात गटारी! आणि त्याच दुपारी सूर्यग्रहण. इजिप्तमध्ये लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकला जाणार आहे. मुंबई-पुण्यात मात्र ते खंडग्रास दिसेल, ऑफिसातल्या चहाच्या सुमारास, पश्चिमेकडे. अर्थात ढगांनी मेहेरबानी केली तर. ऑगस्ट आहे, बॉस!

ग्रहण अमावास्येलाच होतं, हे शाळेत झालंय. मग दर अमावास्येला का नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण पाच अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक वेळा त्याची सावली पृथ्वीच्या वरून नाहीतर खालून निघून जाते.

'थोडंसंच तर आहे, बघू की नुसत्या डोळ्यांनी!' घोळ होतो तो इथेच. खग्रासमध्ये सूर्य पूर्ण झाकला जातो, तेवढा वेळच चष्मा काढता येतो. खंडग्रासमध्ये ती वेळ येतच नाही. उरलेली कोरही डोळ्यातला पडदा भाजायला पुरेशी असते आणि भाजताना दुखत नाही, कारण त्या पडद्याला वेदनाच कळत नाही. मधोमध डाग दिसतोय, हे काही तासांनी लक्षात येतं. काहींचा तो डाग कायमचा राहतो. आजीचं 'ग्रहणात भाजी चिरू नको' सोडून द्या. 'सूर्याकडे बघू नको' मात्र शंभर टक्के खरं.

गॉगल कितीही ब्रँडेड असो, उपयोग शून्य. जुना एक्स-रे, सीडी, काजळी धरलेली काच, हेही नको. 'आयएसओ १२३१२-२' लिहिलेला ग्रहणचष्मा घ्या. तो घालून घरातलं फर्निचर दिसलं, तर बाद. ओरखडा असला, तरी बाद. आणि चष्मा लावून दुर्बिणीतून मुळीच बघू नका. दुर्बिणीतून एकवटलेला प्रकाश चष्म्यालाही जुमानत नाही.

चष्मा नाहीच मिळाला? मग पुरणाची चाळण घेऊन गच्चीवर जा. सूर्याकडे पाठ करा, चाळणीची सावली जमिनीवर पडू द्या. प्रत्येक भोकातून एकेक चतकोर सूर्य उतरेल! झाडाखालच्या कवडशांतही तोच खेळ चाललेला असेल. मला तर चष्म्यापेक्षा हीच गंमत जास्त आवडते.

खग्रासच बघायचंय, पण इजिप्त बजेटबाहेर? मग २० मार्च २०३४ ला कारगिल गाठा. तोही सोमवारच आहे, रजेचं तेवढं बघून ठेवा.